नथ्थूमामा रुसले नाहीत

कुसुमच्या लग्नात नथ्थूमामा रुसले नाहीत, हे मला आजही खरं वाटत नाही. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की मी अजून धसकते. ज्यांनी नथ्थूमामांना पाहिलं नाही त्यांना वाटेल, ही बाई काय सांगते? लग्नात एखादा माणूस रुसला नाही, गुमान जेवून घरी गेला, तर त्यात धसकायचं काय? तेच तर सांगायचंय.

नथ्थूमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे भाऊ. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी त्यांची भाजीपाल्याची बाडी होती. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात रेतीत टरबुजं. आमचं घर नालवाडीला. आमचीही लहानशी बाडी होती, पण वांगी मात्र पवनारहून यायची. आमच्या वांग्यांना चव नाही असं मामांनी एकदा जाहीर केलं होतं, आणि त्यावर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. मामा उंच, काटकुळे, मिशा पिकलेल्या, डोक्यावर पांढरी टोपी. चहा बशीत ओतून असा फुंकायचे की अंगणातली कोंबडी दचकायची.

आणि रुसायचे. बापा रे, काय रुसायचे! माझं माहेर अमरावतीकडचं. जावई रुसतात हे मी पाहिलेलं होतं, पण मामा रुसतो आणि तोही एवढ्या थाटात, हे मला नवीन. नालवाडीला माझ्याच लग्नाची पंगत बसलेली. मी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. एकाएकी वाढपी जागच्या जागी थांबले आणि कोणीतरी मांडवातून ओरडत गेलं, "मामा रुसले! मामा रुसले!" मी दचकून मान वर केली. वाटलं, कोणी विहिरीत पडलं की काय. कारण विचाराल तर, वरणावरचं तूप सासरकडच्या एका जावयाच्या पानात आधी पडलं आणि मामांच्या पानात मागून.

त्यांच्या रुसण्याची एक रीत होती. आधी बोलणं बंद. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची. मग वाहणा शोधून पायात घालायच्या आणि मांडवाकडे पाठ करून बाहेर बसायचं. कोणी मनवायला गेलं की म्हणायचं, "आमचं काय! आमी आपले परके. तुमी जेवा." आणि मग रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही बसची वेळ विचारायची, "काहो, पवनारची मोटर केव्हा हाये?" स्वतःची सायकल समोरच्या कडुनिंबाला टेकलेली. ती सगळ्या गावाला दिसायची, मामांना तेवढी दिसत नसे.

त्या दिवशी माझ्या वडिलांनी हात जोडले, जावयानं माफी मागितली, मामा हलेनात. मग घरातून एक परकरातली पोर आली. ही कुसुम, माझी नणंद. तिनं मामांच्या गुडघ्यावरची टोपी उचलली, आपल्या डोक्यात घातली आणि त्यांच्या शेजारी पाठ फिरवून बसली.

"तू काऊन बसली वं कुसे?"

"मी बी रुसली."

"तुले काय झालं रुसाले?"

"तुले काय झालं?"

"मले तूप मांगून वाढलं."

"मले तं बुंदीच नाई भेटली."

मामा ताडकन उठले. "अबे, पोरीले बुंदी द्या न! येवढं लगन करून राह्यले अन् पोरगी उपाशी!" तिचा हात धरून तेच आत आले, तिच्या पानात स्वतः बुंदी वाढली, आणि पंगत पुढं सुरू झाली. मी पदराआडून बघत होते. हसावं की रडावं, मला कळेना.

कुसुमचे वडील ती लहान असतानाच गेले होते. तेव्हापासून मामा दर बाजाराच्या दिवशी सायकलवर टोपली बांधून यायचे. हंगामातली पहिली वांगी आधी कुसुमच्या ओटीत पडायची, मग चुलीवर. "हे माही पोरगी हाये," असं ते सासूबाईंसमोरच सांगायचे. सासूबाई म्हणायच्या, "घेऊन जा मंग पवनारले." त्यावरही ते एकदा रुसले होते.

तर मला वाटायचं, हा माणूस स्वभावानंच असा. मग एकदा पवनारला त्यांच्या ओळखीच्या घरी लग्न होतं, आम्हीही गेलो होतो. मामांना कोणी ये म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. जेवायला बसवलं ते शेवटच्या पंगतीत. भाजी संपलेली. मी श्वास रोखून पाहते आहे की आता टोपी निघते, मग निघते. छे! मामांनी वरण-भात खाल्ला, यजमानांना रामराम केला आणि वर म्हणाले, "सारं चांगलं झालं." मी चाटच पडले. घरी येताना न राहवून विचारलं, "मामा, आज तुम्ही रुसले नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. "तेथं काऊन रुसू वं? ते का माह्या घरचे हाये?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कुसुम शिकली, मास्तरीण झाली, सेलूच्या शाळेत लागली. आणीबाणी उठली त्या सुमारास एका रविवारी तिनं घरात सांगितलं की, शाळेतल्याच शांतवन नावाच्या मास्तरांशी मी लग्न करणार. शांतवन ख्रिस्ती.  तिच्या भावानं, म्हणजे आमच्या यांनी, तिच्याशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी अंथरूण धरलं. शेजारपाजारच्या बाया साखर मागायच्या निमित्तानं येऊन डोकावून जायच्या. मी स्वतः हादरले होते, खोटं कशाला बोलू? ख्रिस्ती माणूस मी तोवर दवाखान्यातच पाहिला होता.

मग एके दिवशी शांतवनची आई सेलूहून एकटीच आली. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. सासूबाईंच्या उशाशी बसली, तिथंच पडलेली मेथीची जुडी घेऊन निवडायला लागली. दोघी विहिणी निवडत बसल्या, आणि जुडी संपेस्तोवर सासूबाई उठून बसल्या होत्या. ठरलं असं, की सकाळी वर्ध्याच्या चर्चमध्ये लग्न लावायचं आणि संध्याकाळी नालवाडीला मांडवात. हळद आमची, गाणी त्यांची. साडी पांढरी, पण काठ हिरवा आणि हातात हिरव्या बांगड्या, कारण पांढऱ्याफटक साडीत पोरगी पाहिली असती तर सासूबाई पुन्हा अंथरुणाला लागल्या असत्या.

चर्चचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, मुलीला वडील नाहीत, तर वेदीपर्यंत तिला कोण घेऊन येणार? आमच्याकडेही मांडवात नवरीला मामाच आणतो. कुसुम म्हणाली, "दोनीकडं मले मामाच आणीन. मामा नाई आला तं मी लगन करत नाई. आताच सांगून ठेवते." ती नुसतं बोलून दाखवणाऱ्यांतली नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मामांना अजून कोणी सांगितलेलंच नव्हतं.

सासूबाई आणि मी मोटरनं पवनारला गेलो. पिशवीत नारळ, मानाचा दुपट्टा आणि मामींसाठी लुगडं. वाटभर सासूबाई घोकत होत्या, तो असं म्हणाला तर मी तसं म्हणीन. मामा बाडीत वांगी तोडत होते. त्यांनी उभ्यानंच सगळं ऐकलं. हातातलं वांगं टोपलीत ठेवलं, दंडाच्या, म्हणजे पाटाच्या, पाण्यात हात धुतले, पुसले. आता टोपी निघणार म्हणून मी मनात हात जोडले.

"येतो ना," मामा म्हणाले. "काऊन नाई येणार? मले तेथं काय करा लागते तेवढं सांगून ठेवा."

सासूबाईंनी पिशवीतला नारळ तसाच पुढे केला. त्यांनी पाठ केलेलं सगळं वाया गेलं. घरी नेऊन मामींनी चहा दिला, तो मामा कपातूनच प्यायले, आवाज न करता. परतीच्या मोटरीत सासूबाई म्हणाल्या, "देवच पावला वं माय." मीही हो म्हटलं. पण तो कपातला चहा मला काही बरा वाटला नव्हता.

लग्नाच्या दिवशी मामा सांगितलेल्या वेळेआधी हजर. धुतलेलं धोतर, नवी टोपी. चर्चच्या दारात त्यांनी वाहणा काढल्या. बाकीचे सगळे बूट-चपला घालून आत बसलेले, हे अनवाणी. कुसुमसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चाला, कुसुमबाई."

कुसुमबाई! मी तिच्या मागेच होते. तिच्या खांद्याला झटका बसलेला मी पाहिला. जन्मात त्यांनी तिला 'कुसे'शिवाय हाक मारलेली नव्हती. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पण ते समोर बघत होते. कोणी शिकवल्यासारखे एकेक पाऊल टाकत तिला वेदीपाशी घेऊन गेले, तिचा हात शांतवनच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

आत पेटी आणि तबल्यावर मराठीतच गाणं चाललं होतं, अगदी आपल्या भजनासारखं. आमच्या बाया रमल्या होत्या. अक्षता केव्हा टाकायच्या, हे मात्र कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी पहिली प्रार्थना संपवून "आमेन" म्हटलं, सगळ्यांनी मागून जोरात "आमेन" म्हटलं, आणि आमच्याकडच्यांना वाटलं, लागलं लग्न! एकदम चहूकडून तांदूळ उडाले. पाळकसाहेबांच्या केसांत तांदूळ, पुस्तकावर तांदूळ, पेटीच्या भात्यात तांदूळ. बाहेर वाजंत्रीवाल्यांना कोणीतरी हात केला, तेही सुरू झाले. पाळकसाहेब मोठे भले माणूस. पुस्तक झटकून म्हणाले, "अजून थोडं राहिलं आहे." सगळं चर्च हसलं. शांतवन हसला, सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कुसुम मामांकडे बघत होती. मामाही हसले, पाहुण्यानं हसावं तेवढेच.

खरा घोटाळा संध्याकाळी झाला. मांडवात मानाचे दुपट्टे द्यायचे होते. पहिला मान मामांचा, ठेवणीतला भगव्या काठाचा दुपट्टा त्यांच्यासाठी. पाळकसाहेबही मांडवात आलेले. आमच्या यांची धांदल उडालेली, कोणी हाका मारतंय, कोणी ओढतंय. त्या गडबडीत यांनी तो दुपट्टा उचलला आणि सरळ पाळकसाहेबांच्या खांद्यावर घातला. मामा शेजारी, हात पुढे करून उभे.

वाजंत्री बंद पडली. सासूबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. अहो, तुपासाठी पंगत अडवणारा माणूस, आणि त्याचा मानाचा दुपट्टा भरल्या मांडवात दुसऱ्याच्या खांद्यावर!  आता टोपी नाही, आता मांडवच उखडतो, असं मला वाटलं. कुसुम मात्र एकाएकी पाटावरून अर्धी उठली होती, आणि तिचं तोंड उजळलं होतं. हो, उजळलं होतं. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मामांनी पुढे केलेले हात जोडले. पाळकसाहेबांच्या खांद्यावरून घसरणारा दुपट्टा नीट केला. "शोभून दिसते तुमाले," म्हणाले.

मांडवभर सुटकेचा श्वास. कोणी म्हणालं, मामा सुधरले. कोणी म्हणालं, वय झालं आता. वाजंत्री दुप्पट जोरात सुरू झाली. मामा पंगतीत बसले, पानातलं सगळं संपवलं, आहेर केला. सासूबाईंना म्हणाले, "सारं चांगलं झालं." वाहणा घातल्या आणि मोटरची वेळ कोणाला न विचारता फाटकाबाहेर पडले. सायकल आणलीच नव्हती. त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही. जाणार कशाला? रुसलेल्याला मनवायला जातात.

कुसुमला साडी बदलायला मी आत नेलं तर ती खाटेवर बसून राहिली. हळदीचे हात मांडीत. "वयनी, मामा रुसला नाई."

"बरं झालं ना वं," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला पवनारचं ते लग्न आठवलं, संपलेली भाजी आठवली, आणि मी तिच्या शेजारी बसले. सगळ्या घराला वाटत होतं, मामांनी लग्न पदरात घेतलं. आणि त्या माणसानं, एक शब्द वाकडा न बोलता, पोटभर जेवून, पोरीला परकं करून टाकलं होतं! एवढा कठोरपणा मी शिव्या देणाऱ्या माणसातही पाहिला नाही. कुसुम रडलीसुद्धा नाही. नुसती दाराकडे बघत राहिली.

पुढं आमच्या घरी मामा पहिल्यासारखेच. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी आधी दुसऱ्याच्या हातात दिली म्हणून ते रुसले, मोटर विचारली, सगळं झालं. पण सेलूला कुसुमच्या घरी बोलावलं की जायचे, खुर्चीवर बसायचे, कपातून चहा प्यायचे, "कुसुमबाई, निघा लागते आता," म्हणायचे. वांग्यांची टोपली तिच्या घरी कधी गेली नाही.

ती पोरगीही काही कमी नाही. तिनं त्यांना रुसवायचा चंगच बांधला. एकदा चहात साखरच घातली नाही. मी समोर होते. मामा सगळा प्यायले आणि म्हणाले, "छान झाला." एकदा बोलावून मुद्दाम उशिरा शाळेतून आली, ते तोवर ओट्यावर बसून राहिले, वर म्हणाले, "काई हरकत नाई, कामं असतात." एकदा तर तिनं सगळ्यांना वाढून मामांना वाढायचंच सोडलं. ते हसत म्हणाले, "सावकाश होऊ द्या." ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. मला मामांचा इतका राग आला होता की त्या माणसाशी पुन्हा बोलू नये असं वाटलं. पण त्यांच्या हातातला रिकामा द्रोणही मला दिसत होता, तो त्यांनी खाली ठेवला नव्हता.

कुसुमला मुलगी झाली ती ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास. पुन्हा दोन्ही कार्यं. सकाळी सेलूच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, दुपारी घरी पाळणा. मामा आता थकले होते, मोटरनं आले, काठी टेकत. तेच पाळकसाहेब. मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा ती किंचाळली आणि मामा नकळत "अरे अरे" म्हणून पुढं झाले. मग आजूबाजूला पाहून पुन्हा बाकावर बसले. घरी आल्यावर त्यांना खुर्ची दिली. मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. पोरीनं त्यांची मिशी अशी घट्ट धरली की सोडवता सोडवेना. मामा तसेच मान वाकवून बसून राहिले.

मग हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथं भाजीचा गंज चुलीवर चढत होता. शेजारी टोपलीत वांगी. मामांनी एक वांगं उचललं, दाबून पाहिलं, देठ पाहिला.

"हे वांगे कोठचे हाये?"

"बजारातले," स्वयंपाकाची बाई म्हणाली.

"इकतचे?"

"हो बाप्पा, इकतचे. येवढी पंगत हाये."

"माह्या पोरीच्या घरी इकतचे वांगे?" मामांचा आवाज असा चढला की आत कुसुमच्या मांडीवरची पोर दचकली. "मी मेलो काय? पवनारची बाडी आटली काय? माह्या कुसीच्या घरी पयलं कार्य अन् बजारातले किडके वांगे! नाई, नाई. आमचं काय! आमी आपले परके!"

माझ्या हातातून पत्रावळी खाली पडल्या. मामांनी टोपी काढली, वाहणा घातल्या, तरातरा समोरच्या ओट्यावर जाऊन घराकडे पाठ करून बसले. टोपी गुडघ्यावर. रस्त्यानं एक अनोळखी माणूस बैल घेऊन चालला होता. "काहो, पवनारची मोटर केव्हा हाये?"

मी आत ओरडत सुटले, "कुसुम! अवं कुसुम! मामा रुसले! मामा रुसले!"

पाहुणे घाबरून उभे राहिले. पाळकसाहेब खुर्चीवरून उठले, "काय झालं? डॉक्टर बोलवायचा का?" कुसुम लेकीला माझ्या हातात टाकून धावली. दारात ठेचकाळली. ओट्यावर पोचल्यावर मात्र तिनं काहीच घाई केली नाही. मामांच्या गुडघ्यावरची टोपी उचलली, आपल्या डोक्यात घातली आणि शेजारी पाठ फिरवून बसली.

मामांनी तिरक्या नजरेनं टोपीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तू काऊन बसली वं कुसे?"

"मी बी रुसली."

"तुले काय झालं रुसाले?"

"इतके वर्सं तू रुसला नाई म्हणून."

 मामांची काठी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तोवर दर बाजाराला कुसुमकडे टोपली जात राहिली. त्या दिवशीची वांगी तिनं मुद्दाम विकत आणली होती का, असं मी तिला एकदा विचारलं. तर तिनं शपथ घेतली, "नाई वं वयनी, तेवढं सुचलंच नाई मले."

त्या दिवशी आमचे हे मनवायला निघाले होते. मी त्यांची बाही धरली. आत पंगत खोळंबली होती, पाळकसाहेब उपाशी बसले होते, वरण निवत चाललं होतं. बाहेर ओट्यावर दोन पाठी, एक वाकलेली आणि एक टोपीवाली, आणि समोरून पवनारची मोटर धूळ उडवत निघून गेली.